तारेपलीकडे जव पोचवणारा

हाज बरईकनं चहाची तिसरी फेरी पोरांच्या हातात दिली आणि अंगणातला दिवा स्वतः उठून बंद केला.

"शेंगदाणे चावणं थांबवा. माझ्या साडूची गोष्ट आहे. जुमाची."

"तो थापाड्या?" फरज हसला.

"थापाड्याच. पण ही त्यानं एकदाच सांगितली, आणि सांगताना माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही."

हाजनं सांगितली ती अशी.

सात वर्षांपूर्वीचा शाबान महिना, पंधरावी रात्र. जुमाच्या बहिणीचं लग्न खाली समुद्राकाठी होतं. ऐन वेळी जव कमी पडले, म्हणून त्याला डोंगरावरून चार पोती आणायला पिटाळलं होतं. पोती पिकअपमध्ये टाकून, मोठ्यानं गाणी म्हणत तो घाट उतरत होता. चांदणं असं पडलं होतं की दिवे लावायचीही गरज नव्हती.

तो रस्ता यूनुस बू-रीशाचा. यूनुस साधा मेंढपाळ होता, जुमाच्या आजीच्या लहानपणचा. इटालियनांनी त्याची विहीर दगड-सिमेंटनं बुजवली, त्या दिवशी त्यानं काठी टाकून बंदूक उचलली. मग त्यांनी डोंगरावरची सगळी माणसं मेंढरांसारखी हाकून समुद्राकाठच्या खारवट माळावर काटेरी तारेत कोंडली. यूनुसची आईही त्यातच. दिवसा यूनुस घळीतून लढायचा. रात्री पहाऱ्याच्या बुरुजावरचा फिरता दिवा चुकवत पोटावर सरपटत यायचा, तार कापायचा आणि हाताला लागेल त्या पोराच्या ओंजळीत जव ओतून जायचा. त्याच्या डोक्यावर बक्षीस लावलं होतं. कोणी तोंड उघडलं नाही. शेवटी एका रात्री त्याची घोडीच खिंकाळली, आणि तो सापडला. आतल्या सगळ्यांना उभं करून त्यांच्यासमोर त्याला फाशी दिलं. रडायला बंदी होती. आई रडली नाही. लग्नात बायका करतात तसा तिनं गळ्यातून आनंदाचा पुकारा केला. प्रेत ट्रकमधून नेलं. कुठं पुरलं, आजवर कुणाला ठाऊक नाही.

जुमाला हे सगळं आजीकडून माहीत होतं. पण त्या रात्री त्याच्या डोक्यात लग्नाचं जेवण होतं.

खरोबच्या झाडाखाली एक माणूस उभा दिसला. अंगाभोवती पांढरी लोकरीची शाल, डोक्यावरूनही घेतलेली. जुमानं गाडी थांबवली.

"कुठं, चाचा?"

"खाली. तारेपाशी."

"कुठली तार? टेलिफोनची? ती चोरांनी केव्हाच विकून खाल्ली!"

माणूस हसला नाही. "जव आहेत ना मागे? वास येतोय."

"आहेत. पुढे बसा की."

"नको. जवांपाशी बसतो."

तो चढला. गाडी जरासुद्धा दबली नाही. जुमाला ते जाणवलं, पण त्यानं मनावर घेतलं नाही. पुढच्या वळणावर पाठीमागच्या खिडकीतून घोगरा आवाज आला.

"आज बुरुजावर कोण आहे?"

"बुरुज? कसला बुरुज?"

"दिवा फिरता आहे की बंद?"

जुमाचं गाणं थांबलं. त्यानं आरशात पाहिलं. माणसाची मान एका खांद्यावर कलली होती. झोपलेल्याची कलते तशी... पण डोळे उघडे होते. गाडी खड्ड्यात आदळली. शाल सरकली. गळ्याभोवती काळीनिळी खोल रेघ.

जुमानं आरसा फिरवून ठेवला.

थांबावं तर तो मागे. पळावं तरी तो मागेच. तो चालवत राहिला. घोड्याच्या घामाचा वास यायला लागला. अर्धवट आठवणारी दुआ पुन्हा पुन्हा पहिल्या ओळीशीच अडकत होती.

माळ आला. टपावर थाप पडली.

गाडी थांबली. माणूस खाली उतरून उभा राहिला. समोर खारवट जमीन आणि बसक्या दगडांच्या रांगा. दुसरं काही नाही.

"तार कुठं आहे?"

जुमाची बोटं किल्लीवर.

"पोरा... माणसं कुठं आहेत?"

किल्ली फिरवायची, बस. पण त्या आवाजात असं काही होतं की जुमानं किल्ली सोडून दिली.

"चाचा... काढली तार. फार वर्षं झाली. इटालियन गेले."

"सगळे?"

"सगळे."

"माझी आई?"

जुमानं दगडांकडे पाहिलं. माणसानंही तिकडेच पाहिलं. वारा पडला होता. समुद्रसुद्धा ऐकू येत नव्हता.

"मग जव कुणाला देऊ?"

जुमा दार उघडून उतरला.

"माझी आजी होती आत. सालमा. एवढीशी. पोचले तिला... तुमचे जव पोचले, चाचा. म्हणून तर मी आहे."

"सालमा... पुढचे दोन दात पडलेली?"

जुमानं आजी पाहिली होती ती पार बोळकी. तो म्हणाला, "होय. तीच."

माणसानं मान हलवली. कललेली मान, कशीबशी. मग तो दगडांच्या दिशेनं निघाला. मध्येच खाली वाकला. पोटावर झाला. मोकळ्या माळावर, काही नसताना, कशाच्या तरी खालून सरपटत...

कट्.

लोखंड तुटल्याचा आवाज.

पुन्हा, लांबून... कट्.

मग काही नाही.

जुमा पहाटेपर्यंत गाडीत दारं लावून बसला. उजाडल्यावर खाली उतरला, तेव्हा बॉनेटवर बोटभर काटेरी तार पडलेली होती.

हाज थांबला.

"मग सुटला का तो?" फरजनं हळूच विचारलं. आता तो हसत नव्हता.

"मला काय माहीत, बाबा? जुमानं तो तुकडा खिडकीत टांगलाय. समुद्राची हवा ती, दाराच्या कड्यासुद्धा दोन वर्षांत खाते. तारही गंजून लाल झालीय. पण तिची टोकं..."

त्यानं रिकामा पेला खाली ठेवला.

"उद्या दिवसा जा आणि बघा. टोकं अजून चकाकतात. आत्ता कापल्यासारखी."