सात फुटी नळी

विश्वास ठेवा अगर ठेवू नका, पण ही गोष्ट माझ्या सख्ख्या बहिणीच्या लेकीवर गुदरली आहे. घरात तिला सगळे धाकटी म्हणतात. वेळ रात्रीची नव्हती. भर दुपार होती, लख्ख ऊन होतं, समुद्र तेलासारखा शांत होता.

तिने सांगितलं तसंच सांगतो. पदरचं काही घालत नाही.

बंदराबाहेर एक मालवाहू जहाज बुडून पडलं होतं. धाकटीचा दादा आणि तिचा नवरा, दोघे पाणबुडे, वर्षापूर्वी त्या जहाजात उतरले होते. आत एका अरुंद बोळात दादाची हवा संपली. नवऱ्याने हवा ओढायचा आपला जादा रेग्युलेटर त्याच्या तोंडात दिला. पण त्याची नळी आखूड. खांद्याला खांदा लावूनच पुढे जावं लागणार...

आणि बोळ एकाच माणसापुरता.

दादाने तोंडातला रेग्युलेटर काढला आणि नवऱ्याला पुढे ढकललं.

नवरा वर आला. दादा आला नाही. शोधणाऱ्यांनाही तो सापडला नाही.

त्याची ती लहानपणापासूनची सवय. शाळेतून येताना कुत्रं भुंकलं की म्हणायचा, "तू पुढे हो गं, मी मागे आहे."

मग बातमी आली की जहाज कापून भंगारात काढणार. धाकटीही पाण्याखाली उतरणारी. तिने ठरवलं, त्याआधी उतरायचं. दादाला घरी आणायचं.

ती वॉशरकाकांकडे गेली. पाणबुड्यांचं सामान दुरुस्त करणारे हे म्हातारे. काहीही बिघडलं की "आधी वॉशर बघ" म्हणायचे, म्हणून ते नाव.

"काका, लांब नळी हवी. सात फुटी."

"विणलेल्या धाग्याची देऊ की रबरी? विणीची हलकी, पण पाण्यात भरकटते."

"रबरी द्या. ठेवीन तिथे राहील अशी."

नवरा शेजारी उभा होता. उगाच हसून म्हणाला, "एवढ्या नळीने बागेला पाणी घालता येईल."

काका हसले नाहीत. नळीच्या टोकावरचं रबरी आवरण मागे सारून त्यांनी भेग आहे का ते पाहिलं.

"पोरी, लांब नळी कुणी स्वतःसाठी घेत नाही. ती दुसऱ्यासाठी असते. कोण आहे दुसरं?"

धाकटीने पैसे काढून ठेवले.

काकांनी नळी बसवून दिली. सिलिंडरवरून निघून उजव्या काखेखालून, छातीवरून, मानेमागून फिरून तोंडात. आखूड नळीचा दुसरा रेग्युलेटर हनुवटीखाली, गळ्यातल्या रबरी दोरीत.

"कुणी हवा मागितली की तोंडातलाच द्यायचा. गळ्यातला आपण घ्यायचा. तेव्हा डोकं चालत नाही. हाताला सवय हवी."

ती सवय तिने आरशासमोर करून घेतली.

त्या दुपारी ती आणि नवरा जहाजात उतरले. बोळ ओलांडून, जिथे दादा शेवटचा दिसला होता तिथवर गेले.

गाळ होता. गंजलेला पत्रा होता.

बाकी काही नाही.

दोघांनी एकमेकांना हवा किती उरली ते दाखवणारे गेज दाखवले. धाकटीची हवा नवऱ्यापेक्षा जास्त होती. तिला नेहमीच कमी लागे. दादा चिडवायचा, "तुला कल्ले आहेत, मासोळे!"

नवऱ्याने परतीची खूण केली. तो पुढे, ती मागे. हात रिकामेच.

बोळात शिरल्यावर आधी आवाज आला...

श्वास घेताना सुस्कारा, सोडताना बुडबुडे. पाण्याखाली आपलाच आवाज आपल्याला सोबत करतो. तिने तो ओळखला.

पण मधेच दुसरा...

तिने श्वास रोखला.

आवाज चालूच राहिला.

नवऱ्याचा दिवा लांब पुढे हलत होता. आवाज मागून येत होता.

आणि तिच्या तोंडातला रेग्युलेटर निघाला...

हिसका नव्हता. घरच्या माणसाने आपल्या हातातलं ओझं घ्यावं, तसा अलगद निघाला. तिच्या हाताने आपलं काम केलं. गळ्यातला तोंडात गेला. लांब नळी मानेवरून सुटली, उलगडली, मागे ताठ झाली.

ती थांबली की नळी सैल. ती निघाली की पुन्हा ताठ.

तिने मागे पाहिलं नाही. कोणी दिसेल, ही भीती नव्हती.

कोणी दिसणार नाही, ही होती.

गेजचा काटा भराभर उतरत होता. तरी ती सावकाशच जात राहिली. मागचा दमेल म्हणून.

ती दारातून बाहेर पडली. हिरवा उजेड होता. तिला वाटलं, त्याने एवढा उंबरठा ओलांडला की झालं.

इतक्यात नवरा वळला. त्याने तिचा गेज पाहिला आणि डोळे विस्फारले. वर चल, अशी खूण केली. तिने मान हलवली. त्याने तिचं मनगट धरलं आणि ओढलं.

नळी ताणली गेली... आणखी ताणली गेली...

आणि एकदम हलकी झाली.

रेग्युलेटर तिच्यामागून झोके घेत वर आला. एकटाच.

होडीत नवरा ओरडला, "हवा गेली कुठे तुझी? माझी अजून निम्मी आहे!"

"दोघांनी वापरली."

त्याने तिचा गेज पुन्हा पाहिला. मग खाली बघत म्हणाला, "माझ्यावर रागावलाय का गं तो?"

"नाही हो. तुम्ही पुढे होतात, म्हणून तो मागे होता."

तेव्हा तो रडला. वर्षात पहिल्यांदा.

पुढे जहाज कापलं. आत कोणी सापडलं नाही.

काकांनी तिचा संच पाण्यात बुडवून तपासला. कुठेच गळती नव्हती.

"काका, याहून लांब मिळते का?"

काकांनी चष्मा काढून पुसला. "किती लांब हवी, पोरी?"



परवा मी तिच्याकडे गेलो होतो. न्हाणीघरात संच वाळत टांगला होता. लांब नळी गुंडाळलेली नव्हती. जमिनीवरून सरळ उंबऱ्याबाहेर गेली होती. पायात येईल म्हणून मी उचलायला वाकलो.

"राहू दे मामा," धाकटी स्वयंपाकघरातून म्हणाली.

मी हात मागे घेतला. पण बोटं लागली होती...

बाहेर रेग्युलेटर फरशीवर मोकळा पडला होता.

तरीही नळी ताठ होती.