सालूचा राहण्याचा हक्क

दिवा राहू दे तसाच. तुम्हाला घाबरवायला सांगत नाहीये मी. मला स्वतःलाही तेव्हा फारशी भीती वाटली नव्हती. वाटलं ते कुतूहल, आणि त्याचंच बोट धरून मी पुढे पुढे जात राहिले.

२००६ सालची गोष्ट. हॅम्बर्गच्या युनिव्हर्सिटीत मी पीएचडी करत होते. विषय होता कोकणातल्या बंदरांवरचा परदेशी व्यापार. ऑक्टोबरात माझ्या प्रोफेसरांनी मला एक फोन नंबर दिला. ब्लांकेनेझेला, एल्बे नदीच्या काठावर टेकडीवर राहणाऱ्या एका वृद्ध बाईंना आपल्या घराण्याची वंशावळ लावून हवी होती. त्यांचे पूर्वज मुंबई इलाख्यात व्यापारी होते, जुनी मृत्युपत्रं घरात पडून होती, आणि त्यातली गावांची नावं वाचू शकेल असं कुणीतरी त्या शोधत होत्या.

शनिवारी दुपारी एस-बानने, म्हणजे तिथल्या लोकलने गेले. पाऊस होताच. त्या भागात रस्त्यांपेक्षा पायऱ्याच जास्त. चढून गेले तेव्हा धाप लागली होती. फ्राऊ ब्रून्स दारातच उभ्या होत्या. ऐंशीच्या जवळ आलेल्या, उंच, ताठ. लग्न केलं नव्हतं, मागे कुणी नव्हतं. घर विकून त्या ल्युबेकच्या वृद्धाश्रमात जाणार होत्या.

कॉफी ओतता ओतता त्यांनी अडचण सांगितली. ग्रुंडबूखमध्ये, म्हणजे घराच्या सरकारी नोंदीत, एका बाईचा हक्क चढवलेला होता. बागेकडची वरची खोली तिला मरेपर्यंत राहायला. तिच्या मृत्यूचा पुरावा मिळाला की हक्क रद्द होणार.

"कोण होती ही?" मी विचारलं.

"सालू. माझ्या पणजोबांच्या मुलांना तिनंच वाढवलं. ते परत आले तेव्हा तिला सोबत घेऊन आले. वेंगुर्ला... असं काहीतरी आहे ना गाव?"

वेंगुर्ला. माझी आजी कुडाळची. उन्हाळ्याच्या सुट्टीत वेंगुर्ल्याच्या बंदरावर मी बर्फाचे गोळे खाल्लेले. एल्बेच्या काठावर, जर्मन बाईच्या तोंडून ते नाव ऐकून अंगावर शहारा आला.

"पण अशी बाई केव्हाच वारली असणार," मी म्हटलं.

"हो, घराची कागदपत्रं करणारा नोटारही हेच म्हणतो. वयाचा हिशेब मांडून नाव काढता येईल म्हणतो." त्यांनी कॉफीचं भांडं खाली ठेवलं. "पण मला माहीत असायला हवं. ती राहत असेल तर मी घर कसं विकू?"

त्या अगदी शांतपणे बोलल्या. मी हसून सोडून दिलं.

पुढचे काही आठवडे मी त्या घराण्यात बुडून गेले. पणजोबा मॅथियास ब्रून्स यांचं मृत्युपत्र सगळ्यात जुनं. त्यात लिहिलं होतं की सालूला वरची खोली कायमची द्यावी, आणि तिनं मागणी केली तर मुंबईच्या बोटीचं भाडं देऊन सन्मानानं गावी पोचवावं. मुलाच्या मृत्युपत्रात खोलीचं वाक्य जसंच्या तसं. नातवाच्याही. बोटीचं वाक्य मात्र पहिल्यानंतर कुठेच नाही. मी शहरातले मृत्यूचे दाखले पाहिले, चर्चची दफनं पाहिली, आजूबाजूच्या गावांतलीही पाहिली. ब्रून्सांची मुलं सापडली, कुत्र्यासाठी बांधलेलं थडगंसुद्धा सापडलं. सालू गेल्याचं कुठेच काही नाही.

हे सांगायला गेले तेव्हा नोव्हेंबर संपत आला होता. चार वाजताच अंधारून आलं होतं. आम्ही खालच्या खोलीत बसलो होतो. खाली नदीतून एक मोठं जहाज बंदराबाहेर निघालं आणि त्याचा भोंगा वाजला. खोल, लांबलेला. काचा थरथरल्या.

तेवढ्यात वर छताच्या फळ्या वाजल्या. एका कोपऱ्यापासून खिडकीपर्यंत. सावकाश, अनवाणी चालल्यासारख्या. खिडकीपाशी थांबल्या. भोंगा विरला, आणि थोड्या वेळाने पावलं परत फिरली.

मी फ्राऊ ब्रून्सकडे पाहिलं. त्या कॉफीत साखर ढवळत होत्या.

"माझे वडील म्हणायचे, लाकूड फुगतं," त्या म्हणाल्या.

"आणि तुम्ही?"

"मी... मी लहान असताना आजारी पडले की माझ्या उशाशी कुणीतरी बसायचं. हात खरखरीत होता. डोक्यावरून फिरायचा. आई म्हणायची, तू तापात बडबडतेस, घरात अशी कुणी नाही." त्यांनी डोळे मिटले आणि हळूच म्हटलं, "नीच गो बाय... नीच गो. हे मी मनानं रचलेलं असेल ना? याला काही अर्थ नसेल."

"अर्थ आहे," मी म्हणाले. "नीज गो बाय. झोप ग बाळ, असा."

त्यांनी डोळ्यांतलं पाणीही पुसलं नाही. मग म्हणाल्या, "इतकी वर्षं तिच्याशी कुणी तिच्या भाषेत बोललं नसेल. तुम्ही वर जाल?"

तुम्ही म्हणाल, नको म्हणायचं होतंस. पण मला जायचंच होतं, खरं सांगते. जी बाई मी इतक्या कागदांत शोधली, ती एका जिन्याच्या अंतरावर असेल, तर न जाता मी घरी कशी गेले असते?

जिना अरुंद होता. वर दिवा नव्हता, खालचाच उजेड अर्ध्यापर्यंत येत होता. दार नुसतं लोटलेलं. आत पलंग, लाकडी पेटी, खिडकी. खिडकीबाहेर काळी नदी आणि पलीकडच्या काठावरचे दिवे. बंद खोल्यांना वास असतो तसा वास तिथे नव्हता. खोबरेल तेलाचा होता. नुकतंच डोक्याला लावलेल्या खोबरेलाचा.

मी उंबऱ्यातच उभी राहिले. शेवटी आजीच्या घरी शिरताना म्हणायचे तेच तोंडातून निघालं.

"आजी... आसस काय गो?"

काही नाही. पाऊस. मग खिडकीजवळच्या अंधारातून, अगदी हळू, बरेच दिवस न बोललेल्या माणसाच्या आवाजात,

"कोण गो?"

मी दाराची चौकट घट्ट धरली. "वल्लरी. कुडाळची."

"बोट... इली?"

विचार करून उत्तर द्यायला मला वेळच मिळाला नाही. आजीला जसं खरं सांगून टाकायचे तसं सांगितलं. "बोटी बंद झाल्यो, आजी. आता इमानान जातत. मी जातंय डिसेंबरात."

अंधारात काहीतरी हललं. लुगड्याची सळसळ असावी. खोबरेलाचा वास एकदम जवळ आला, आणि माझ्या कानापाशी कुणीतरी विचारलं,

"तुझ्या वांगडा... येव?"

तुझ्यासोबत येऊ का, असं. मी हो म्हणाले नाही. नाहीही म्हणाले नाही. जिना कसा उतरले ते आठवत नाही. फ्राऊ ब्रून्सनी मला कोट घालून दिला, शाल गुंडाळली, आणि स्टेशनपर्यंत टॅक्सी मागवली.

आठवड्याने त्यांचा फोन आला. आवाज हलका होता.

"ती आता रोज काहीतरी विचारते. जहाज वाजलं नाही तरी. कादी... कादी याव्चा. असंच काहीतरी. काय म्हणते?"

कधी जावचा. कधी जायचं.

मनात आलं, एका बाईला समुद्रापार आणून ठेवलं, परतीचं वाक्य गाळून टाकलं, आणि ती अजून पावलं वाजवत खिडकीशी जाते. माझं तिकीट तर काढलेलंच होतं. मी तारीख सांगितली. फ्राऊ ब्रून्सनी ती माझ्या मागून म्हणत पाठ केली, मराठीत, आणि वर जाऊन सांगितली.

प्रवासात काहीही झालं नाही. फ्रँकफर्टला विमान बदललं, मुंबईला उतरले, पुण्यात आईबाबांकडे राहिले, सगळं नेहमीसारखं. मला थोडं हसूही आलं स्वतःचं. मग कुडाळला पद्माकर मामाकडे गेले आणि त्याला म्हटलं, वेंगुर्ल्याला चल.

रिक्षात मी मागे बसले. मामा पुढे, ड्रायव्हरला चिकटून, अर्धा बाहेर लोंबकळत.

"मामा, मागे जागा आहे की."

मामानं वळून पाहिलं. "होय गो? माका वाटला भरलीहा." आणि तरी तो मागे आला नाही.

वेंगुर्ल्यात आम्ही दिवसभर फिरलो. ब्रून्सांची वखार होती तिथे आता लॉज होतं. सालू नावाची बाई परदेशी व्यापाऱ्याबरोबर गेलेली, असं कुणाच्या घरात बोललं गेलंय का, हे आम्ही म्हाताऱ्या माणसांना विचारलं. मृत्युपत्रात तिच्या बापाचं नाव नव्हतं, घर नव्हतं, आडनाव नव्हतं. एक आजोबा म्हणाले, "कोणाची गो ती? नुसता नाव सांगून कसा कळतला?" तिचं माणूस म्हणावं असं तिथे कुणीच उरलं नव्हतं.

संध्याकाळी बंदरावर गेलो. भरती होती. मी समुद्राकडे तोंड करून म्हणाले, "पावलंस, आजी. ह्या तुझा वेंगुर्ला."

"कोणाक सांगतंस?" मामानं विचारलं.

"कोणाक नाय," मी म्हटलं. मला फार हलकं वाटत होतं.

जानेवारीत हॅम्बर्गला परतले आणि ब्लांकेनेझेला गेले. आम्ही दोघी मुद्दाम जहाजाची वाट पाहत बसलो. भोंगा वाजला. काचा थरथरल्या. वर काही वाजलं नाही.

"गेली," फ्राऊ ब्रून्स म्हणाल्या. त्यांनी माझा हात हातात धरला. "तुम्ही तिला पोचवलंत. पण घर मोठं झालंय हो एकदम. मला झोप येत नाही." महिनाअखेरीस त्यांनी नोटारच्या समोर सह्या केल्या आणि ल्युबेकला निघून गेल्या. वंशावळीत सालूच्या नावापुढे काय लिहायचं, असं मी विचारलं होतं. "वेंगुर्ल्याला परतली," असं लिहा म्हणाल्या. मी तसंच लिहिलं.

तेव्हा मी हॅम्बर्गमध्येच, बार्मबेकला एका जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एकटी राहायचे. एक खोली आणि स्वयंपाकघर. फेब्रुवारीत एकदा लायब्ररीतून दुपारी घरी आले. जिन्यात समोरच्या फ्राऊ टीम भेटल्या. कचऱ्याची पिशवी घेऊन खाली चालल्या होत्या.

"तुमचं पार्सल आलं," त्या म्हणाल्या. "मी घेणार होते, पण तुमच्या आजींनी दार उघडलं."

"माझ्या...?"

"त्यांना जर्मन येत नाही ना? पोस्टमन बोलत होता, त्या नुसत्या हसत होत्या. किती बारीक आहेत हो. आणि अनवाणी, या थंडीत. त्यांना मोजे घेऊन द्या."

त्या खाली गेल्या. किल्ली लावायला मला बराच वेळ लागला. दार नेहमीसारखं दोनदा फिरवून बंद केलेलं होतं, जसं मी सकाळी केलं होतं.

आत कुणी नव्हतं. खोली नीट होती. मी हाक मारली नाही. मारली असती तर उत्तर आलं असतं, असं मला वाटलं.

पार्सल स्वयंपाकघरातल्या टेबलावर होतं. आईने पुण्याहून पाठवलेलं. कापडाची शिवण कुणीतरी दातांनी तोडावी तशी उसवलेली. मेतकूट, लोणचं, पापड ओळीने मांडून ठेवलेले. आणि ओट्यावर, माझ्या रोजच्या वाडग्यात, आमसुलं भिजत घातली होती. पाणी नुकतंच लाल व्हायला लागलं होतं.