कोऱ्या नमुन्यात सापडलेलं औषध

सकाळी मशीन सुरू केलं की त्याला आधी कोरा नमुना द्यायचा, हा मनवाच्या प्रयोगशाळेतला नेम. कोरा नमुना म्हणजे कसलंच औषध न घेतलेल्या माणसाची लघवी. तिच्यात मशीननं काही दाखवलं नाही, तरच पुढच्या तपासणीवर विश्वास ठेवायचा. असला नमुना विकत मिळतो, पण विभागप्रमुख सूर्यभान सरांना चहाचा खर्च मंजूर करतानाही कापरं भरायचं. म्हणून नगरच्या एमआयडीसीतल्या, पोलिसांचंही काम घेणाऱ्या त्या खासगी प्रयोगशाळेत कर्मचारीच पाळीपाळीनं बाटली भरून देत. त्या दिवशी पाळी इसहाकची होती. इसहाक जुना तंत्रज्ञ. त्यानं बाटली फ्रीजमध्ये ठेवली आणि हात धुऊन चहा टाकायला गेला.

तोवर मनवानं अकोले तालुक्यातून आलेलं प्रकरण उघडलं आणि तिचं टाळकंच फिरलं. भंडारदऱ्याला धरणाकाठी तंबू लावून पर्यटक ठेवणारा एक कॅम्प. तिथं स्वयंपाकाला असलेल्या मुलीला मालकाच्या पोरानं लिंबू सरबत दिलं. पुढचं तिला काही आठवत नव्हतं. सकाळी शुद्ध आली तेव्हा आपल्यावर काय गुदरलंय हे मात्र तिच्या अंगानंच तिला सांगितलं. पोरगी धीराची, तडक दवाखाना गाठला तिनं. आणि तिथल्या दीडशहाण्या डॉक्टरानं काय सांगावं? आधी बाथरूमला जाऊन ये, मग तपासतो! शुद्धीवर आल्यानंतरची पहिली लघवी म्हणजे अशा गुन्ह्यातला सगळ्यात मोठा पुरावा. तो या विद्वानानं साखळी ओढून वाहून जाऊ दिला.

पोलिसांनी तर त्याच्यावर कडी केली. लघवीची बाटली घ्यायची त्यांना आठवण झाली तोवर आठवडा उलटत आला होता. घेतलेली बाटली मे महिन्याच्या उकाड्यात पोलीस ठाण्याच्या कपाटात पडून राहिली. ती घेऊन आलेला हवालदार वाल्मिक म्हणाला, "सायेब रजेवर हुते, म्याडम." जसं काही साहेब रजेवर गेले की औषधही शरीरात रजेवर जातं!

दुसऱ्या दिवशी जामिनाची सुनावणी होती. 'औषध आढळले नाही' असा अहवाल गेला की मालकाचा पोरगा बाहेर आणि मुलगी खोटारडी. आणि या नमुन्यात आता काही सापडणार नाही, हे मनवाला बाटली उघडण्याआधीच कळून चुकलं होतं.

तिनं इसहाकची बाटली फ्रीजमधून काढली. ती हाताला कोमट लागली. फ्रीज तर चालू होता.

मशीननं त्या कोऱ्या नमुन्यात झोपेचं औषध दाखवलं, तेही भरपूर. मनवानं नळ्या धुतल्या, पाणी बदललं, पुन्हा तपासलं. पुन्हा तेच. इसहाकचा चेहरा उतरला. "बाई, म्या डोकं दुखलं तरी गोळी घेत न्हाई," एवढंच तो म्हणाला. मग मनवानं स्वतःची बाटली भरून दिली. तिच्यात औषध इसहाकपेक्षा जास्त निघालं. ते शरीरात पुरतं जिरलंही नव्हतं, रात्री घेऊन सकाळी बाटली भरावी इतकं ताजं होतं. रात्री तर ती घरी पिठलं-भाकरी खाऊन झोपली होती. मग झाडूवाल्या इंदूबाई, मग गेटवरचा वॉचमन. प्रत्येक बाटलीत तेच औषध, आणि टोपण उघडलं की लिंबू सरबताचा वास.

फक्त त्या मुलीची बाटली स्वच्छ होती.

दवाखान्यात वाहून गेलेलं ते माघारी येतंय, असा एक खुळचट विचार मनवाच्या डोक्यात आला. स्वतःचाच राग येऊन तिनं तो झटकला. नियम मात्र साधा होता. कोरा नमुना खराब, तर 'आढळले नाही' असं लिहिता येत नाही.

सूर्यभान सर हे ऐकून हसले. कामाच्या बायका सर्दी-खोकल्याची कसली कसली औषधं ढोसतात, असं इंदूबाईंच्या तोंडावर म्हणाले. मग मोठ्या ऐटीत आपली बाटली भरून आणली आणि टेबलावर आपटली. तिचा आलेख कागदाच्या वर निघून गेला.

"मशीन बिघडलंय," सर म्हणाले. "गेल्या महिन्यातल्या कोऱ्या नमुन्याचा आलेख जोड आणि 'आढळले नाही' लिहून आण. असल्या कॅम्पवर काम करणाऱ्या पोरींची नाटकं मला ठाऊक आहेत."

"मी लिहिणार नाही, सर."

या माणसाच्या हाताखाली आपण इतकी वर्षं काढली, याची तिला किळस आली. सरांनी अहवालाचे कागद हिसकावले, केबिनमध्ये गेले आणि आतून कडी लावली.

जेवणाची सुट्टी झाली. सर आले नाहीत. केबिनमधला फोन वाजत राहिला.

दाराच्या फटीतून लिंबाचा वास येत होता.

इसहाकनं खांदा मारून कडी उचकटली. केबिनला खिडकी नव्हती. सर जमिनीवर पडले होते, डोळे उघडे.

"किती वाजले?" त्यांनी विचारलं. मग भिंतीला टेकून उठून बसले. "मी... इथं कोण आलं होतं?"

कुणीच आलं नव्हतं, असं मनवानं सांगितलं. ते खरंच होतं.

कागद कोरेच पडले होते. मनवानं त्यावर लिहिलं : कोरा नमुना दूषित, निष्कर्ष देता येत नाही, मुलीच्या नमुन्यात औषध नव्हते असे म्हणता येणार नाही. सरांनी न वाचता सही केली. सही करताना त्यांच्या मनगटावर बोटांचे लाल वळ दिसले.

"मनवा," ते हळूच म्हणाले, "हे बाहेर कुणाला सांगू नकोस."

आणि त्यांनी बाही खाली ओढली. सकाळी नीट घातलेला शर्ट आता उलटा होता, बाहीची शिवण बाहेरच्या बाजूला होती.