डाव्या स्पीकरची तार

काका त्या दिवशी निघाले ते अगदी साध्या कामाला. वहिनींच्या घरी नवे स्पीकर येऊन पडले होते, ते जोडून द्यायचे. काकांचा उभा जन्म अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करण्यात गेलेला. असलं काम त्यांना डोळे मिटून जमायचं.

पण ते स्पीकर पुतणीने मागवले होते, आणि ते आले तेव्हा पुतणी नव्हती. तापाचं निमित्त झालं. खोकी दारात आली तेव्हा वहिनींनीच सही करून आत घेतली.

भाऊ गेल्यावर काकांनी पोरीला हाताशी घेतलं होतं. सोल्डर करायला शिकवलं. पोर डावखुरी. काका तिला डावरी म्हणायचे. हात चलाख, पण एक खोड जाता जात नव्हती. डाव्या स्पीकरची तार ती हटकून उलटी लावायची. लाल टोकावर काळी तार, काळ्यावर लाल. तसं केलं की एका स्पीकरचा पडदा पुढे येतो तेव्हा दुसऱ्याचा मागे जातो. आवाज पोकळ होतो, त्याला जागा राहत नाही, खोलीभर भटकत बसतो.

"डावरे, पुन्हा उलटी."

"मग उजवीही उलटी लावते, काका. दोन्ही उलट्या, म्हणजे झालं सरळ."

"तेवढं डोकं सरळ लावायला वापर."

तिचं म्हणणं चूक नव्हतं. काकांनी ते कधी कबूल केलं नाही.

वहिनींकडचा लहान अ‍ॅम्प्लिफायर काकांनी पाहताक्षणी बाजूला केला. नवे स्पीकर दमदार होते. त्यांच्यापुढे तो धापा टाकत तापला असता आणि एक दिवस जळला असता. काकांनी घरून आपला जुना, थोराड अ‍ॅम्प्लिफायर आणला होता. सोबत तांब्याची जाड तार. दोन्ही बाजूंना सारख्याच लांबीचे तुकडे त्यांनी कापले.

"एवढी जाड? बैल बांधायचाय का, भाऊजी?" वहिनी म्हणाल्या.

"बारीक तारेत आवाजाचा दम निघून जातो."

"तीही हेच म्हणायची."

काका तारेची टोकं सोलू लागले.

वहिनींनी पदराआडून एक टेप काढली. "मला तिचा आवाज नीट ऐकवा. आठवेनासा झालाय हो. त्या जुन्या डब्यातून तो कुणाचाही वाटतो."

पोरीने एकदा घरी माईक तपासला होता, तेव्हाची ती टेप. पोरीच्या आवाजाचं दुसरं काही मागे नव्हतं. एकच माईक, म्हणजे आवाज दोन स्पीकरच्या बरोबर मधोमध उभा राहायला हवा.

दुपार उतरली होती. खोलीतला उजेड भिंतीवरून खाली सरकत होता. काकांनी टेप लावली.

"एक, दोन, तीन... आई, दार लाव गं, बाहेरचा आवाज येतोय." मागोमाग एक बारीक हसू.

आवाज पोकळ आला. आधी भिंतीपाशी, मग खिडकीशी, मग अगदी कानामागे. वहिनी उठल्या, जाऊन दार लावलं आणि परत येऊन बसल्या. आपण उठलो हे त्यांना कळलंच नसावं.

काका स्पीकरच्या मागे वाकले. डावी तार उलटी होती.

वय झालं, असं मनाशी म्हणत त्यांनी ती सरळ केली. स्क्रू पकडीने आवळले. उजवीही बॅटरीच्या उजेडात पाहून घेतली. ती ठीक होती. तोवर वहिनी पाणी आणायला आत गेल्या. काकांनी टेप पुन्हा लावली.

पुन्हा पोकळ.

वहिनी रिकाम्या हातांनी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. "भाऊजी... ती माझ्या मागे बोलली. आत, ओट्यापाशी."

काका पुन्हा स्पीकरच्या मागे गेले. ते वाकले. पकडीने आवळलेले स्क्रू तसेच घट्ट होते, आणि तार उलटी होती. स्पीकरच्या मागे वितळलेल्या राळेचा वास येत होता. सोल्डर करताना येतो तो. काकांची सोल्डरची इस्तरी अजून पिशवीतच होती.

ते हट्टाला पेटले. सोल्डरची इस्तरी काढली, तापवली आणि दोन्ही स्पीकरच्या तारा सरळ लावून पक्क्या सोल्डर केल्या. आता कोण काढतं ते बघू.

या वेळी आवाज मधोमध उभा राहिला. स्वच्छ. एकेक अक्षर मोजून घ्यावं असा. "आई, दार लाव गं" आलं, तेव्हा वहिनी जागच्या हलल्या नाहीत. टेप संपली.

"छान आहे," त्या म्हणाल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "पण ही टेप आहे, भाऊजी. मघाशी ती होती."

 आयुष्यात काकांनी समजून उमजून एकही तार उलटी लावली नव्हती. कुणी लावली तर त्याला ऐकवल्याशिवाय सोडलं नव्हतं. आता त्यांनी इस्तरी पुन्हा तापवली, डाव्या स्पीकरची तार सोडवली आणि स्वतःच्या हाताने उलटी लावली. 

"घे डावरे," ते पुटपुटले. "तुझ्या मनासारखं."

इस्तरीची वायर काढून त्यांनी ती तिथेच डाव्या बाजूला ठेवली, आणि टेप लावली.

पोकळ आवाजाची त्यांनी तयारी ठेवली होती. आवाज भरून आला. मधोमध, पण स्पीकरच्या रांगेत नाही... बराच अलीकडे, पोर जिथे स्टूल ओढून बसायची तिथे, बसलेल्या माणसाच्या तोंडाच्या उंचीवर.

"आई, दार लाव गं..."

वहिनींनी दाराकडे पाहिलं. दार मघापासून लावलेलंच होतं.

"लावलंय गं," त्या हळूच म्हणाल्या.

ते बारीक हसू आलं. टेप थांबली.

काकांना कळेना. डावी तार उलटी आहे, मग आवाज सरळ कसा? त्याला एकच मार्ग होता, आणि तो त्यांना माहीत होता. ते बॅटरी घेऊन उठले आणि उजव्या स्पीकरच्या मागे गेले. पहिल्या सोल्डरनंतर त्याला त्यांनी हात लावला नव्हता.

लालवर काळी. काळ्यावर लाल.

काकांचं सोल्डर नेहमी बारीक आणि गुळगुळीत असायचं. इथे दोन जाड गोळे बसले होते. एवढं सोल्डर वाया घालवणारं एकच माणूस त्यांनी पाहिलं होतं. त्यांनी बोट टेकवलं आणि चटकन मागे घेतलं. बोट भाजलं होतं.

"काय झालं, भाऊजी?" वहिनींनी विचारलं.

काका स्टुलाकडे पाहत होते.

"काही नाही," ते म्हणाले. "बरोबर लावलंय."