बाहेरगावी गेलेला नवरा

घडलेलं आहे तसंच सांगतोय. पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या. माझ्या विल्मा मावशीनं हे मला आयुष्यात एकदाच सांगितलं, आणि सांगताना तिनं माझं मनगट घट्ट धरून ठेवलं होतं.

साल १९५७. नोव्हेंबरातली शुक्रवारची संध्याकाळ. हॉलिवूडमधला एक स्टुडिओ.

मावशी तेव्हा टीव्हीवरच्या एका विनोदी मालिकेत बायकोचं काम करायची. नवरा व्हायचा ऑर्विल टॅगर्ट. समोर बाकांवर तीनशे प्रेक्षक बसायचे आणि त्यांच्यासमोर नाटकासारखं चित्रीकरण चालायचं. ऑर्विल दारातून आत आला रे आला, की टाळ्यांचा कडकडाट व्हायचा.

ऑक्टोबरमध्ये ऑर्विल गेला. झोपेतच.

पेपरात आतल्या पानावर चार ओळी आल्या, त्याही त्याच्या जन्मनावानं. पेनसिल्व्हेनियातल्या खाणकामगाराचं पोर ते. टॅगर्ट हे नाव फक्त पडद्यापुरतं होतं. त्यामुळे आपला लाडका नट गेला हे बहुतेकांना कळलंच नाही.

मालिकेत तर तो मेलाच नाही. तो कामासाठी क्लीव्हलंडला गेला.

त्या धंद्याची रीतच तशी. नट मेला, की त्याचं पात्र बाहेरगावी जातं.

दर आठवड्याला मावशीनं सोफ्यावर बसून त्याला फोन करायचा. फोन खोटाच, तार कशालाच जोडलेली नसे. ती एक वाक्य बोलायची, त्याच्या उत्तराएवढं थांबायची, मग पुढचं वाक्य.

पहिल्या शुक्रवारी ती बोलली. थांबली...

आणि प्रेक्षक हसले.

तिनं काहीच केलं नव्हतं. भुवईसुद्धा हलवली नव्हती.

ती पुढचं वाक्य बोलली. पुन्हा थांबली...

पुन्हा हशा! ऑर्विलचा विनोद जिथे पडला असता, नेमका तिथेच.

फोनमधून तिला काहीही ऐकू येत नव्हतं. लोक मात्र कुणाचं तरी ऐकून हसत होते.

पुढच्या आठवड्यात हशा वाढला. मावशीची झोप उडाली. शेवटी ती निर्माता हॅस्केलकडे गेली.

"हॅस्केल, त्याला मारून टाक. गोष्टीत मार. एकच वाक्य लिही. अपघात म्हण, ताप म्हण, काहीही म्हण. त्याला कळायला हवं."

"कुणाला?"

"ऑर्विलला."

हॅस्केलनं तोंडातला चिरूट काढला. "अगं बाई, लोक मांडीवर ताट घेऊन आपल्याला बघतात. त्यांच्या घासात मढं टाकू? आणि जाहिरात करणारे साबणवाले पैसे देतात ते सुखी संसाराचे. विधवेच्या हातून साबण कोण विकत घेईल?"

"मी त्याला दर आठवड्याला घरी बोलावतेय रे!"

"मग बोलाव की! या भागात तर मी लिहूनच दिलंय, तो परत यायला निघालाय. नाताळपर्यंत नवा नवरा शोधतो तुला. आणि घाबरतेस कशाला? त्या फोनची तार कुठे जोडलीय तरी का?"

"नाही," मावशी म्हणाली. "म्हणूनच तर घाबरतेय."

हॅस्केल पोट धरून हसला.

तो शुक्रवार उजाडला. संध्याकाळी दिवे लागले, कॅमेरे फिरू लागले. मावशीनं फोन उचलला. पोटासाठी काम करणाऱ्या बाईला नाही म्हणता येतं थोडंच?

"ये लवकर," ती म्हणाली. "दार उघडंच आहे."

फोन ठेवला.



कुणी खोकलंसुद्धा नाही.

आणि मग... टाळ्या.

कडकडाट! तो आत आल्यावर व्हायचा, अगदी तसाच.

तीनशे चेहरे तिच्या पाठीमागच्या दाराकडे वळले होते.

दार वाजल्याचं तिनं ऐकलं नाही. पावलंही नाहीत. तिला फक्त समोरचे चेहरे दिसत होते. त्यांच्या नजरा हळूहळू सरकत होत्या... दारापासून खुर्चीपर्यंत... खुर्चीपासून सोफ्यापर्यंत...

तिच्या डाव्या बाजूला येऊन थांबल्या.

शेजारची गादी खाली दबली.

 मान वळवायची तिची छाती झाली नाही. समोर बघतच, लिहिलेलं सगळं सोडून ती म्हणाली, "ऑर्विल, तू मेलायस रे. आता येऊ नकोस. जा."

लोक हसले. असे हसले, की तिचे शब्द तिलाच ऐकू आले नाहीत.

बाहेर पडताना आयोवाहून आलेल्या एका म्हातारीनं तिला गाठलं.

"किती दिवसांनी दिसले हो तुमचे यजमान! वाळलेत मात्र. खाऊ घाला काहीतरी."

मावशी वाट काढून निघू लागली.

"आणि राग मानू नका हं," म्हातारी हळूच म्हणाली, "पण ते सारखे तुमच्याकडेच बघत होते. तुम्ही एकदाही मान वळवली नाहीत. भांडलात का?"

मावशीनं ते काम त्याच दिवशी सोडलं. नवा नवरा काही मिळाला नाही, मालिका बंद पडली. त्या भागाची चित्रफीत मी स्वतः पाहिलीय. सोफ्यावर मावशी एकटीच आहे. तिचं ते वाक्य हॅस्केलनं कापून टाकलंय, त्या जागी नुसता हशा आहे.

म्हणजे तो मेला, असं त्याला कुणीच सांगितलं नाही.

"ये लवकर, दार उघडंच आहे," हे मात्र तसंच ठेवलंय. आणि तो भाग अजूनही कुठल्या ना कुठल्या वाहिनीवर लागतो.

लागला, की त्याला पुन्हा बोलावणं जातं. त्या दिवशी मावशी मला फोन करते. बोलत काहीच नाही. मी आपला फोन धरून बसतो.