पेशी कुणीकडे वळल्या

मूर्खपणा तिचाच, दुसऱ्या कुणाला बोल लावायची सोय नाही. रक्त देणारा माणूस आला नाही की प्रयोगशाळेतल्याच कुणीतरी बाही वर करायची, ही तिथली रीत. फक्त खोकला असेल त्याने देऊ नये. हिला कालपासून कोरडी ढास लागत होती, पण "चाळिशीनंतर आपलं रक्त मागतंय तरी कोण!" म्हणत बाई हौसेने पुढे झाल्या.

त्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी तिने काचेच्या डिशमध्ये सोडल्या. डिशच्या एका कडेला न्यूमोनियाचे जंतू. पेशींनी सरपटत जाऊन त्यांना गिळायचं, एवढंच बघायचं होतं. भर दुपारी आभाळ दाटून आलेलं. खोलीत स्पिरिटचा वास आणि फ्रिजची घरघर.

तिने सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. पेशी निघाल्या खऱ्या, पण जंतूंकडे पाठ फिरवून. ती बसली होती त्या बाजूच्या कडेला येऊन सगळ्या खेटल्या. तिने डिश फिरवली. पेशी थबकल्या, हळूहळू वळल्या... पुन्हा तिच्याकडेच.

"माहेरची ओढ, दुसरं काय!" ती हसली. हसता हसता खोकली.

शेजारच्या टेबलावरून तरुण डॉक्टरीण उठून आली. ही मुलगी हसल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं. तिने भिंगातून बघितलं.

"ताई, जंतू जास्त असतील तिकडे जातात या."

"म्हणजे... माझ्या छातीत?"

"फोटो काढून या."

ती तशीच उठली. घरी भावाचं तान्हं बाळ. सकाळीच तिने त्याचे मुके घेतले होते.

एक्स-रेच्या गार पाटीला छाती टेकवून ती उभी राहिली. फोटो मात्र स्वच्छ निघाला. जीव भांड्यात पडला. परतताना ती स्वतःलाच चिडवत होती: शास्त्र शिकलेली बाई, आणि आपल्याच पेशींना घाबरली!

डॉक्टरीण मास्क लावून पार पलीकडच्या भिंतीला टेकून उभी होती.

"काही नाही गं, छाती साफ आहे!" ती दारातूनच म्हणाली. "मी गेल्यावर तरी वळल्या का जंतूंकडे?"

"नाही. तुमच्या खुर्चीकडेच आहेत."

"अगं... पण खुर्ची तर रिकामी आहे."

"असेल," डॉक्टरीण म्हणाली. "पण तुम्ही गेल्यावरही ती खोकत होती."