शेवटच्या ओळीची उतरण

पानवेल वर्षातून एकदा पुरावी लागते. शेवरीच्या झाडावर वरपर्यंत चढली की तिचा जोर संपतो, पानं बारीक पडतात. मग ती सोडवून खाली घ्यायची, बुडाशी गुंडाळून मातीत दाबायची आणि शेंडा तेवढा बाहेर ठेवायचा. याला आम्ही उतरण म्हणतो. पुरलेली वेल नव्यानं जगते. गावात लग्न असो की सत्यनारायण, विड्याला पानं आमच्याच मळ्यातली. पिंपळगावच्या बाजूला आता सगळीकडे द्राक्षं झाली, मी मात्र हट्टानं पानमळा ठेवला.

उतरणीला दोन माणसं लागतात, एक शिडीवर, एक खाली. शिडीवर आमचा एकुलता शेखर असायचा. गेल्या वर्षी हायवेवर टेम्पोनं त्याला उडवलं आणि त्याच्या आईनं, कुसानं, अंथरूण धरलं. बोलणं नाही, जेवण नाही. पोरगा गेला, आता हीही चालली, या विचारानं मी पार खचलो होतो.

त्या दुपारी एकटाच शेवटच्या ओळीत शिरलो. बाहेर ऊन मी म्हणत होतं, आत मात्र अंधार आणि पानांचा तिखट, ओला वास. शिडी लावून खाली खड्डा उकरत होतो, तोच वरून बांगड्या वाजल्या.

"धरा…"

कुसाचा आवाज! कुसा शिडीवर चढली होती. मला रडूच फुटलं. वर पाहायची सोय नसते, डोळ्यांत कचरा पडतो. वेल खाली येत राहिली, मी गुंडाळून पुरत राहिलो. वेल नेहमी हाताला गार लागते. आज ती अंगासारखी कोमट होती.

"कुसा, दमलीस का गं?"

"नाय… दाबा. नीट दाबा…"

ओळ संपल्यावर पाहिलं तर शिडीवर कोणी नव्हतं. पानमळ्यात चपला घालून कोणी जात नाही. बांधावर माझ्या एकट्याच्याच चपला होत्या.

धावत घरी गेलो. शेजारच्या सखुबाई कुसाच्या उशाशी बसल्या होत्या. "दादा, मी सकाळपासनं हितंच हाय. वैनी हललीबी नाय."

कुसा गुडघे पोटाशी घेऊन पडली होती. पदर सारला तर केसांत, कानांत ओली माती.

मी परत पळालो आणि सगळी ओळ हातांनी उकरली. नुसत्या वेली निघाल्या. उन्हं लागून त्याही वाळल्या.

कुसा अजून आहे. डॉक्टरांना काही सापडत नाही. तिचे पाय सरळ होत नाहीत. मी रोज तिला अंघोळ घालतो आणि रोज माती निघते. हिला कुठून उकरून काढू, कुणाला विचारू?

काल ती बोलली. मी कान जवळ नेला.

"अहो… तोंड तेवढं उघडं राहिलंय माझं. त्यावर बी टाका ना माती…"